लहान मुलांच्या ऑपरेशननंतरची दुखण्याची औषधं

१ ते ३ वर्षांच्या मुलाचं हर्निया, टॉन्सिल, टाळू असं काही ऑपरेशन होतं तेव्हा त्याला दुखू नये म्हणून आधी, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर जी औषधं देतात ती सगळी यात येतात. या वयाचं मूल कुठे दुखतंय ते सांगत नाही, नुसतं रडतं, आणि ते रडणं भुकेचं पण असू शकतं कारण ऑपरेशनआधी ६ तास जेवण बंद असतं. म्हणून चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि कडेवर घेतल्यावर शांत होतंय का, या पाच गोष्टींना ० ते २ मार्क देऊन १० पैकी बेरीज करतात, याला फ्लॅक स्केल म्हणतात.

एके काळी तान्ह्या बाळांना फारसं दुखतच नाही असं समजून अगदी हलक्या भुलीवर ऑपरेशनं व्हायची, वाचूनच पोटात कालवतं. १९८७ मध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ऑपरेशनमध्ये फेन्टानिल हे दुखणं थांबवणारं जोरदार औषध दिलं तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरसुद्धा ताण कमी येतो, तिथून विचार बदलत गेला.

कमरेखालचं ऑपरेशन असेल तर मूल भुलीत झोपल्यावर माकडहाडाजवळ सुई देऊन खालचा भाग बधिर करतात, तो कॉडल ब्लॉक. तो साधारण ४ ते ६ तास टिकतो आणि खरी गडबड इथेच होते, गोव्यात बांबोळीला गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) किंवा म्हापशाहून संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला की मूल हसतखेळत असतं, घरच्यांना वाटतं आता औषध कशाला, आणि वाळपईला घरी पोचून पेज भरवेपर्यंत ब्लॉक उतरलेला असतो. दुखणं एकदा चढलं की आवरायला जड जातं, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस रडायची वाट न बघता डॉक्टरनी सांगितलं तसं घड्याळ लावून औषध द्यायचं.

मुख्य औषध पॅरासिटामॉल, वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये ६ तास. म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. आता बाटली बघा: ड्रॉप्समध्ये १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२०, जास्त पॉवरच्या सिरपमध्ये ५ ला २५०. तोच डोस ड्रॉप्सचा दीड मिलिलिटर, साध्या सिरपचा ६ च्या आसपास आणि तिसऱ्याचा ३, आणि घाईत कुणी ड्रॉप्सच ६ मिलिलिटर पाजले तर चौपट डोस गेला, लिव्हरला धोका. मी तर म्हणेन मेडिकलमधून बाटली आणल्या आणल्या मार्करने तिच्यावरच किती मिलिलिटर ते लिहून टाका. आयबुप्रोफेन सोबत किंवा आलटूनपालटून देतात, पण डॉक्टरना विचारूनच, मूल उलट्या करत असेल, पाणी पीत नसेल तर नाहीच.

कोडीन हे दुखण्यावरचं औषध १२ वर्षांखाली देत नाहीत, काही मुलांचं शरीर त्याचं मॉर्फिन फार भराभर करतं आणि श्वास मंदावतो, टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलं दगावल्यावर अमेरिकेने २०१३ मध्ये कडक इशारा दिला. निमेसुलाइड हे ताप-दुखण्याचं औषध भारतात २०११ पासून १२ खालच्यांना बंद आहे, ॲस्पिरिनही नको, तेव्हा घरातल्या मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. औषधानंतर मूल हाका मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा टॉन्सिलनंतर तोंडातून लाल रक्त आलं तर सकाळची वाट न बघता १०८ लावा.