तांब्याभर पाणी आणि खिशातली गोळी

खानापूर तालुक्यातले माझे मामा दोन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा बेळगाव गाठायचं, दर वेळी चार तास मशीनवर पडून राहायचं. पाणी मापानं. तहान असह्य झाली की बर्फाचा खडा तोंडात धरायचा. केळी, नारळपाणी बंद, कारण किडनीच चालत नसेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. मामींची किडनी बसवून मामा घरी आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तांब्या उचलून एका दमात रिकामा केला. आम्ही बघतच राहिलो. आता तर डॉक्टरच भरपूर पाणी प्या म्हणत होते.

मशीन रक्त गाळतं, पण किडनीची सगळी कामं त्याला जमत नाहीत. तांबड्या पेशी तयार करायला लावणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः किडनीतच बनतं. नवी किडनी ते बनवू लागली तसं मामांचं हिमोग्लोबिन चढलं, धाप कमी झाली, तोंडाला चव आली.

जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. नवी बसते ती पुढच्या बाजूला, ओटीपोटात, बहुधा उजवीकडे. तिथे बरगड्यांचा आडोसा नाही. त्यामुळे मामा शेतावर जातात, पण बैलाच्या शिंगापुढे उभे राहत नाहीत. लावणीच्या चिखलात गमबूट घालूनच उतरतात, कारण औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि पायाची साधी चीरही चिघळू शकते.

ही औषधं टळत नाहीत. 1954 साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. तिथे शरीराला ती किडनी परकी वाटली नाही. मामींची किडनी मामांच्या शरीराला परकीच. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. यातलं टॅक्रोलिमस फार नाजूक मापाचं. कमी पडलं तर शरीर किडनीवर उठतं, जास्त झालं तर हात थरथरतात आणि त्या किडनीलाच इजा होते. बारा-बारा तासांनी, ठरल्या वेळेला घ्यायचं. रक्तातली त्याची लेव्हल तपासायच्या दिवशी मामा सकाळची गोळी खिशात घेऊनच एसटीत बसतात. आधी रक्त द्यायचं, मग लॅबच्या बाकावर बसून गोळी गिळायची. उलटं केलं तर आकडा फसवा येतो.

परसातलं पपनस मात्र सुटलं. त्यातली द्रव्यं आतड्यातल्या, टॅक्रोलिमसचं विघटन करणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि रक्तातलं औषध वाढतं. टीबीवरचं रिफॅम्पिसिन याच्या उलट, औषध झपाट्यानं संपवतं. गुडघा दुखला म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणणं तर सगळ्यात वाईट, ते थेट किडनीलाच मारक. मला वाटतं, या तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात.

जगणं किती सुधारलं हे मोजायला डॉक्टर 36 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात: जिना चढवतो का, दुखतं का, माणसांत मिसळता का, मन खचलेलं असतं का. प्रत्यारोपणानंतर शरीराची उत्तरं चांगलीच सुधारतात, मनाची तेवढी नाही. किडनी कशी चाललीय ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री मामांना झोप लागत नाही. जिवंत दात्याची किडनी सरासरी 15 ते 20 वर्षं चालते, हे त्यांना ठाऊक आहे. अशा रात्री त्यांना उपदेश नको असतो, शेजारी बसणारं कुणीतरी हवं असतं.

आणि मामी? आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. दात्याची उरलेली किडनी थोडी मोठी होऊन बरंचसं काम उचलते, पण दरवर्षी ब्लड प्रेशर आणि लघवीतलं प्रोटीन तपासायलाच हवं. मामांची फाइल चार बोटं जाड झाली, मामींची कधी उघडलीच नव्हती. परवा दोघांना सोबत नेलं. मामी म्हणाल्या, ‘मला काय झालंय?’ पण हात पुढे केला. प्रेशर 150 निघालं.