केळीचं ‘झाड’ नसतंच

केळीचं झाड म्हणायची सवय आपल्याला शाळेपासूनची. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात केळ ही ‘ओषधी’ (इंग्रजीत हर्ब) गटातली, म्हणजे लाकूड न धरणारी, बहुवर्षायू वनस्पती. आपण ज्याला खोड म्हणतो ते आडवं कापून पाहा: कांद्यासारख्या एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या बुडांचे थर दिसतील. खरं खोड जमिनीखाली, कंदात. तिथूनच दांडा या थरांच्या मधून वर चढतो आणि केळफूल बाहेर येतं. (त्याची भाजी निवडायला वेळ लागतो, पण खाल्ल्यावर तक्रार उरत नाही.)

घड एकदाच येतो. मग वरचं ते खोटं खोड मरतं, पण कंद मरत नाही. बाजूचे मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारे कोंब, वाढतात. म्हणून जळगावचा शेतकरी मृगबाग किंवा कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम) लावताना बी शोधत नाही, मुनवे किंवा टिश्यूकल्चरची रोपं आणतो. फळातले काळे ठिपके पेरून काही उगवणार नाही. आपल्या खायच्या बहुतेक जातींमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. आणि हो, टिश्यूकल्चर म्हणजे जनुकं बदलणं नव्हे. एकाच मातृरोपाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रती, इतकंच.