‘फॉरईच’ आणि ‘मॅप’: पहिले अक्षर कॅपिटल का होत नाही?

वाक्यातील प्रत्येक इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करणारे फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये लिहिताना नवशिका विद्यार्थी सुरुवात बहुधा बरोबर करतो: ‘स्प्लिट’ने वाक्याचे शब्द सुटे करून त्यांचा ॲरे (क्रमवार यादी) मिळवतो आणि प्रत्येक शब्दावर लूप चालवतो. चुकते ते त्यानंतर. ‘फॉरईच’च्या आत तो शब्दाच्या पहिल्या अक्षराला ‘टूअपरकेस’ लावतो, उरलेला भाग ‘स्लाइस’ने जोडतो आणि शेवटी मूळ ॲरेतील शब्द ‘जॉइन’ने मध्ये स्पेस देत पुन्हा जोडून रिटर्न करतो, म्हणजे उत्तर म्हणून परत देतो. उत्तर मात्र दिलेले वाक्य जसेच्या तसे येते, आणि एररही दिसत नाही.

‘फॉरईच’ आणि ‘मॅप’ या दोन्ही मेथड २००९ च्या एक्मास्क्रिप्ट ५ या प्रमाणित आवृत्तीत आल्या आणि दोन्ही ॲरेतील प्रत्येक घटकावर आपण दिलेले फंक्शन चालवतात, म्हणून त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. फरक रिटर्न केलेल्या व्हॅल्यूचे पुढे काय होते यात आहे. ‘फॉरईच’ ती टाकून देते आणि स्वतः ‘अनडिफाइन्ड’ (म्हणजे कोणतीच व्हॅल्यू नाही) परत करते, तर ‘मॅप’ त्या सगळ्या व्हॅल्यू क्रमाने गोळा करून तितक्याच लांबीचा नवा ॲरे हाती देते. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, जागच्या जागी बदलता येत नाही; ‘टूअपरकेस’ नेहमी नवी स्ट्रिंग देते, आणि ती कोणी धरून ठेवली नाही तर केलेले काम वाया जाते. या फंक्शनला म्हणूनच ‘मॅप’ हवी, असे माझे ठाम मत आहे.

तरीही केवळ नाव बदलून भागत नाही. ‘मॅप’मधील ॲरो फंक्शनला (‘=>’ वापरून लिहिलेल्या फंक्शनला) महिरपी कंस दिले आणि ‘रिटर्न’ लिहायचे राहिले, तर नव्या ॲरेत सगळीकडे ‘अनडिफाइन्ड’ भरते. ‘जॉइन’ त्याला रिकामी स्ट्रिंग मानत असल्याने तीन शब्दांच्या वाक्याचे उत्तर फक्त दोन स्पेस येते, जे स्क्रीनवर दिसतही नाही. उलट ‘फॉरईच’लाच पुढे ‘जॉइन’ जोडला, तर ‘अनडिफाइन्ड’वर मेथड बोलावल्यामुळे टाइपएरर येते आणि चूक लगेच सापडते. त्यामुळे वाक्य न बदलता परत आले तर नवी स्ट्रिंग कुठे साठवली ते पाहावे, आणि उत्तर कोरे दिसले तर आधी ‘रिटर्न’ शोधावा.