पन्नास ओहम आणि साठ अंश

तळहातावर मावणारे व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर काही हजार रुपयांत मिळू लागल्यापासून हौशी रेडिओचालकांना आपल्या अँटेनाचा इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, घरीच मोजता येतो. ही सोय मोठी आहे, पण तिच्यासोबत एक गैरसमजही रुजला आहे. पडद्यावर इम्पीडन्सचे परिमाण ५० ओहम दिसले की ५० ओहमच्या ट्रान्समीटरशी अँटेना जुळली, असे अनेक जण धरून चालतात. वास्तविक परिमाण ही निम्मीच माहिती असून उरलेली निम्मी कलेत, म्हणजे फेजमध्ये असते.

शाळेत आपण व्होल्टेजला करंटने भागून रोध काढतो. प्रत्यावर्ती धारेत मात्र दोघांची शिखरे एकाच क्षणी येतीलच असे नाही. कॉइलमध्ये करंट मागे पडतो, तर कपॅसिटरमध्ये पुढे धावतो. शिखरांच्या किमतींचे गुणोत्तर म्हणजे परिमाण आणि हे मागेपुढे होणे अंशांत मोजले की ती कला. झोपाळा ज्या दिशेने जात आहे त्याच दिशेने रेटा दिला तर सगळी ऊर्जा त्याला मिळते. पण रेटा पाव आवर्तनाने चुकत राहिला, तर आपण अर्धा वेळ ऊर्जा देतो आणि उरलेला अर्धा वेळ झोपाळा ती आपल्याच हातांना परत करतो. कला ९० अंश असते तेव्हा नेमके हेच घडते.

समजा, ७.१ मेगाहर्ट्झला परिमाण ५० ओहम आणि कला अधिक ६० अंश मिळाली. कोसाइनने गुणल्यास रोध २५ ओहम निघतो आणि साइनने गुणल्यास कॉइलसारखा रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे ऊर्जा खर्च न करता परत करणारा विरोधाचा भाग, ४३.३ ओहम. परिमाण ट्रान्समीटरपासून अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या ५० ओहमइतकेच असेल, तर परावर्तन गुणांक, म्हणजे परतणाऱ्या लहरीचे जाणाऱ्या लहरीशी गुणोत्तर, कलेच्या निम्म्या कोनाच्या टॅन्जंटएवढा असतो, हे सूत्र मला विलक्षण देखणे वाटते. टॅन ३० अंश म्हणजे ०.५७७ आणि त्याचा वर्ग, म्हणजे परतणाऱ्या शक्तीचा वाटा, एक तृतीयांश. म्हणजे अँटेनाकडे निघालेल्या १०० वॅटपैकी ३३ वॅट मागे फिरतात. कला ९० अंश असती, तर पडद्यावर तेच ५० ओहम दिसत असताना सगळीच शक्ती परतली असती.

यावरचा उपाय दोन कपॅसिटरांनी होतो. पहिला १२२५ पिकोफॅरडचा, अँटेनाशी एकसरीत. त्याचा १८.३ ओहमचा उलट रिअ‍ॅक्टन्स वजा झाला की रोध २५ आणि रिअ‍ॅक्टन्स २५ उरतो. परिमाण आता ३५.४ झाले, म्हणजे आकडा ५० पासून दूर गेला, आणि इथेच नवशिका घाबरून कपॅसिटर काढून टाकतो. पण समांतर जोडणीत करंटांची बेरीज होत असल्यामुळे इम्पीडन्सचा व्यस्त, म्हणजे अ‍ॅडमिटन्स, पाहावा लागतो. तो काढल्यास वाहकतेचा भाग ०.०२ सीमेन्स येतो, म्हणजे बरोबर पन्नासाचा व्यस्त, आणि सोबत तेवढाच प्रेरकी, म्हणजे कॉइलसारखा, भाग उरतो. ट्रान्समीटरच्या बाजूला ४४८ पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला की तो प्रेरकी भाग रद्द होतो आणि ५० ओहम, शून्य अंश मिळतात. रिअ‍ॅक्टन्स घालवून २५ ओहमचा रोधक एकसरीत जोडला असता तरी आकडा जुळला असता, परंतु निम्मी शक्ती उष्णतेत गेली असती. आदर्श कपॅसिटर मात्र घेतलेली ऊर्जा त्याच आवर्तनात परत करतो.

एसडब्ल्यूआर हा जुळणी किती चांगली आहे ते सांगणारा आकडा; १ म्हणजे काहीच परत फिरत नाही. जाहिरातीत ‘एसडब्ल्यूआर १’ वाचून अँटेना विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की डमी लोड, म्हणजे चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा भार, म्हणून वापरला जाणारा ५० ओहमचा रोधकही उत्तम जुळतो, पण तो प्रसारण करत नाही. मोबाइलच्या पाठीवर चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ स्टिकर तर फोनमधील मॅचिंग परिपथाला जोडलेलेही नसतात. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

कलेचे चिन्हही तितकेच महत्त्वाचे आहे. ती उणे ६० अंश असती, तरी परिमाण ५० आणि एसडब्ल्यूआर ३.७ हेच आकडे दिसले असते, पण आधीचा एकसरी कपॅसिटर रिअ‍ॅक्टन्स ६१.६ ओहमपर्यंत वाढवून जुळणी आणखी बिघडवणारा ठरला असता. त्याच्या जागी १.५३ मायक्रोहेन्रीची कॉइल लागली असती. ४४८ पिकोफॅरडचा समांतर कपॅसिटर मात्र तोच चालला असता.