चिचेलीचे थडगे, कँटरबरी

इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलमध्ये क्वायरच्या (पाद्री आणि गायक बसतात त्या भागाच्या) उत्तर बाजूला असलेले आर्चबिशप हेन्री चिचेली (सु. १३६४–१४४३) याचे दुमजली थडगे. चिचेली १४१४ पासून मरेपर्यंत कँटरबरीचा आर्चबिशप होता. थडगे मात्र त्याने १४२५ च्या सुमारासच बांधून घेतले. त्यानंतर जवळपास अठरा वर्षे, कँटरबरीत उपासनेला आला की स्वतःचेच प्रेत त्याच्या नजरेस पडत असे.

वरच्या मजल्यावर आर्चबिशप पूर्ण पोशाखात पहुडला आहे. डोक्यावर माइटर (बिशपची उंच टोपी), हात जोडलेले, रंग झगझगीत. पायथ्याशी दोन चिमुकले पाद्री पोथ्या उघडून बसले आहेत. खालच्या मजल्यावर तोच माणूस, पण उघडा, हाडकुळा, कफनावर टाकलेला. अशी शवशिल्पे पंधराव्या शतकात युरोपभर कोरली गेली. इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत हे मोडते. बघणाऱ्याला धक्का बसावा आणि त्याने मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, हा हेतू. मृत्यूनंतर आत्मा शुद्धिलोकात अडकतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने तिथला काळ कमी होतो, अशी तेव्हाची श्रद्धा होती.

भोवती कोरलेला लॅटिन लेख प्रथमपुरुषी आहे. ‘मी गरीब जन्मलो, मग इथे प्रायमेट (देशातला प्रमुख बिशप) म्हणून उंचावलो, आता आडवा पडलो आहे, किड्यांचे खाद्य म्हणून तयार. बघ माझे थडगे, तो तुझाच आरसा.’ मुळात नातुस, एलेवातुस, प्रोस्त्रातुस, पारातुस असे यमक ठाकठाक पडत जाते. जन्म, बढती, पतन आणि किडे एकाच तालात. पुढे वाटसरूला विनवणी आहे : तूही मरशील, माझ्यासारखाच होशील, धूळ, किडा आणि हीन मांस, माझी आठवण ठेव.

‘गरीब जन्मलो’ हे मात्र जपूनच घ्यावे. हायम फेरर्स या इंग्लंडमधल्या गावातले त्याचे घराणे खाऊनपिऊन सुखी होते आणि भाऊ रॉबर्ट लंडनचा लॉर्ड मेयर झाला. यमकाला आणि नम्रतेला ‘पाउपेर’ (गरीब) सोयीचे पडले असावे.

चिचेलीने १४३८ मध्ये ऑक्सफर्डला ऑल सोल्स कॉलेज स्थापन केले. फ्रान्सच्या युद्धांत पडलेल्यांसाठी प्रार्थना करणे हेही कॉलेजचे एक काम होते. संस्थापकाच्या थडग्याची देखभाल हे कॉलेज आजवर करत आले आहे. वारंवार रंगवल्यामुळेच वरचा आर्चबिशप इतका टवटवीत दिसतो.