अ‍ॅरे शून्यापासून की एकपासून? वादामागची पार्श्वभूमी

पहिली प्रोग्रॅमिंग भाषा कोणती शिकावी, हा प्रश्न दादर-ठाण्याच्या क्लासांत दर जूनमध्ये निघतो. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो मोजणीचा: अ‍ॅरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेले घटक, त्यांतल्या पहिल्याला शून्य म्हणायचं की एक? शून्यामुळे नवशिके गोंधळतात, असं एका बाजूचं म्हणणं.

१९५७ची फोरट्रान ही भाषा एकपासून मोजायची, कारण गणितातली मॅट्रिक्स तशीच लिहितात. १९६४ साली कुलाब्याच्या एका संशोधन संस्थेत मोठा संगणक आला, तेव्हा हीच भाषा रुळली.

नव्वदच्या दशकातले क्लास म्हणजे बेसिक ही भाषा. त्यात डिम ए(१०) लिहिलं, म्हणजे ए नावाचा अ‍ॅरे मागितला, की जागा अकरा मिळत, शून्य ते दहा. पोरं शून्याची जागा रिकामी सोडत आणि एकपासून भरत. काही बिघडत नसे. ए(११) मागितलं की ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ असं स्क्रीनवर यायचं. मग सी ही भाषा आली. इथे दहा म्हणजे दहाच, शून्य ते नऊ. जुन्या सवयीने लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) एक ते दहा फिरवला, तर दहाव्या फेरीत शेजारची मेमरी खराब होई आणि कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर, चकार शब्द काढत नसे. मुलं अडखळली ती या मुकेपणामुळे. खापर मात्र शून्यावर फुटलं.

गोंधळात भर घातली कंसातल्या आकड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इंडेक्स’ या शब्दाने. नोट्समध्ये त्याचा अर्थ ‘अनुक्रमांक’ असा दिलेला असे, आणि अनुक्रमांक हजेरीपटावर एकपासूनच सुरू होतो. सीमध्ये तो आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. अ‍ॅरे १००० या पत्त्यावर असेल आणि पूर्णांकाला चार बाइट लागत असतील, तर ए[३] सापडतो १०१२वर. पहिला घटक १०००वरच, म्हणजे अंतर शून्य. मुंबईचे जुने मैलाचे दगड असेच. मोजणी फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून, आणि दगडावर लिहिलेलं ते तिथपासूनचं अंतर. ‘अंतर’ हा शब्द पहिल्याच तासाला सांगितला असता तर निम्मा वाद उरला नसता.

१९८२ साली एका डच शास्त्रज्ञाने हस्तलिखित टिपणात शून्याची बाजू मांडली: खालची हद्द धरा, वरची सोडा, वजाबाकी केली की घटकांची संख्या मिळते. पायथन या भाषेतली रेंज, म्हणजे ओळीने आकडे देणारी सोय, याच पद्धतीने चालते. तरीही २०१२मध्ये जाहीर झालेल्या जुलिया या भाषेने एकच निवडला.

नवशिक्यांना आज पायथन सुचवली जाते आणि ते योग्यच आहे, कारण हद्द ओलांडली की ती इंडेक्सएरर देते, म्हणजे चूक दाखवून थांबते. एक फट मात्र तिच्यातही आहे. ए[-१] ही चूक धरली जात नाही, शेवटचा घटक मिळतो. लूपमध्ये फेऱ्या मोजणाऱ्या आयमधून एक वजा करून आलेला आय-१ शून्याखाली गेला, तर उत्तर चुकतं आणि एररही येत नाही.