काटा मारणारी गाडी

धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत जळगावला निघालं की एखाद्या पेट्रोल पंपाच्या कडेला जुनी ओम्नी उभी दिसते, दारावर मोठ्या अक्षरांत ‘पीयूसी’. डिझेल गाडी आली की पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, ‘रेस द्या’ म्हणतो, इंजिन तीन-चार वेळा गुरगुरतं आणि पावती हातात पडते. त्या नळीला फक्त धूर दिसतो, किती काळा आणि किती दाट एवढंच. ज्या वायूपायी जगातल्या एका बलाढ्य मोटार कंपनीला 30 अब्ज युरोंहून जास्त भुर्दंड पडला, तो नायट्रोजन ऑक्साइड या तपासणीत मोजलाच जात नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे धाकट्या मावसभावाचा फोन. पुण्याहून आलेली 2013 ची डिझेल गाडी त्याला स्वस्तात मिळत होती, फोक्सवॅगन गटातली. म्हणाला, “दादा, गाडी चांगली शे, पन कंपनी लबाड शे म्हनतस. लेऊ का?” मायलेजपासून सीटच्या कापडापर्यंत त्याचं सगळं बघून झालं होतं, अडलं होतं ते लबाडीपाशी. आणि ती नेमकी काय होती, हे त्याला कुणी धड सांगितलं नव्हतं.

कापसाच्या खेडा खरेदीत काटा मारणं म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही. दारात आलेला व्यापारी भाव थोडा चढा देतो आणि वजनात वसूल करतो. त्याचा काटा बिघडलेला नसतो, तो माणूस बघून तोलतो. वजनमापाचा निरीक्षक समोर असला की बिनचूक, शेतकरी असला की क्विंटलमागे दोन-तीन किलो गडप. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी हेच केलं, फक्त व्यापाऱ्याच्या हाताच्या जागी संगणकाचा प्रोग्रॅम होता.

प्रयोगशाळेत गाडीची तपासणी रोलरवर होते. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही, आणि वेग कधी किती वाढवायचा, कधी उतरवायचा हे सेकंदासेकंदाला ठरलेलं असतं. कितीतरी वेळ चाकं फिरतायत पण स्टीअरिंग वळत नाही, असं खऱ्या रस्त्यावर घडतच नाही. स्टीअरिंग, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब अशा खुणा जुळवून त्या प्रोग्रॅमला कळायचं, की साहेब आलेत. मग धूर आवरणारी सगळी यंत्रणा पूर्ण ताकदीने सुरू. रस्त्यावर आलं की ती ढिली.

ढिली का करायची, हा खरा प्रश्न. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. डिझेलचं चांगलं मायलेज बरंचसं त्या दाबाचं देणं आहे. पण त्याच उष्णतेत हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना चिकटतात. असा तयार होणारा नायट्रोजन ऑक्साइड श्वासनलिकांना जाळतो, आणि उन्हात त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोनही बनतो. उपाय आहेत, पण एकही फुकट नाही. जळालेली हवा थोडी पुन्हा इंजिनात सोडली तर तापमान उतरतं, पण काजळी वाढते आणि फिल्टर चोंदतो. युरियाचं द्रावण फवारलं तर वायू निरुपद्रवी होतो, पण वेगळी टाकी लागते, खर्च वाढतो, गिऱ्हाइकाला ती भरत बसावी लागते. वायू अडकवून ठेवणारा सापळा बसवला तर तो साफ करायला जादा डिझेल जाळावं लागतं. म्हणजे स्वच्छ धूर, मायलेज आणि कमी किंमत या तिघांतलं एक सोडावंच लागतं. कंपनीने जाहिरातीत तिन्हींचा वायदा केला होता.

मोटारींच्या धंद्यात ही युक्ती नवी नव्हती. अमेरिकेने 1970 मध्ये हवेचा कडक कायदा केला आणि तीन-चार वर्षांतच पळवाटा सापडू लागल्या. काही गाड्यांत तापमान ओळखून धूरनियंत्रण बंद करणारी बटणं बसवल्याबद्दल याच फोक्सवॅगनने 1974 मध्ये 1,20,000 डॉलर भरून प्रकरण मिटवलं होतं. पुढचं मोठं प्रकरण 1998 चं, ट्रकच्या इंजिनांचं. कॅटरपिलर, कमिन्स, व्होल्वो धरून सात कंपन्या त्यात सापडल्या. त्यांची इंजिनं तपासणीत नीट वागायची आणि हायवेला एकसारख्या वेगाने धावू लागली की डिझेल वाचवायच्या पद्धतीवर जायची. तडजोड सुमारे 1 अब्ज डॉलरची झाली. फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं तेव्हा ‘असं कसं केलं त्यांनी’ म्हणून जग अवाक झालं खरं, पण या धंद्यातल्या जुन्या माणसांना अवाक व्हायचं काही कारण नव्हतं.

आपल्याकडेही दोन वर्षं आधी तालीम होऊन गेली होती. तवेरा आठवते का? चोपड्याला, शहाद्याला, यावलला जायचं तर स्टँडबाहेर काळीपिवळी भरेपर्यंत बसायचं, दहाची गाडी आणि पंधरा माणसं; जीपच्या रांगेत एखादी तवेरा मिळाली तर नशीब. लग्नाची वऱ्हाडंही तिनेच नेली. जुलै 2013 मध्ये जनरल मोटर्सने 2005 पासून बनवलेल्या सुमारे 1,14,000 तवेरा परत मागवल्या. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कर्मचारी कमी धूर सोडणारी निवडक इंजिनं बसवत होते, असं कंपनीने स्वतःच सरकारला कळवलं. इथे प्रोग्रॅमबिग्रॅम काही नाही, सरळ नमुन्याचं पोतं वेगळं ठेवायचं! कंपनीने काही माणसं काढली, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. काळीपिवळीत कोंबून बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या कानावर हे आलं? माझ्या तरी नाही.

फोक्सवॅगन मात्र गाजली, आणि ती पकडली गेली त्याची गोष्ट मला कंपनीपेक्षा जास्त आवडते. युरोपातल्या डिझेल गाड्या रस्त्यावर जास्त वायू सोडतात, अमेरिकेतल्या बहुधा स्वच्छ असतील, तर ते मोजून युरोपला दाखवू, अशा साध्या हेतूने आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला काम दिलं. डॅनियल कार्डर यांच्या त्या चमूत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय होते. 2013 मध्ये त्यांनी गाडीच्या मागे मोजणीचं यंत्र बांधलं आणि सरळ रस्त्याला लागले. व्यापाऱ्याच्या काट्याचा संशय आला की आपण बैलगाडी दुसऱ्याच भुईकाट्यावर चढवतो, तसंच हे. फोक्सवॅगनची जेट्टा मर्यादेच्या 15 ते 35 पट वायू सोडत होती, पसाट 5 ते 20 पट. सोबत घेतलेली बीएमडब्ल्यू मात्र बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली, म्हणजे यंत्र बरोबर होतं.

यानंतर वर्षभराहून जास्त काळ कंपनी टोलवाटोलवी करत राहिली. तुमची मोजणी चुकली, हवामान वेगळं होतं, रस्ता वेगळा होता. डिसेंबर 2014 मध्ये तिने दुरुस्ती म्हणून गाड्या परत बोलावल्या. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने त्या पुन्हा मोजल्या तर फरक नावापुरता. अखेर 2016 च्या मॉडेलांना परवानगीच मिळणार नाही असं दिसल्यावर सप्टेंबर 2015 च्या सुरुवातीला कबुली आली. 18 सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली, त्यात मर्यादेच्या 40 पटीपर्यंतचा आकडा होता. जगभरात 1 कोटी 10 लाख गाड्यांत तो प्रोग्रॅम असल्याचं कंपनीने मान्य केलं. प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी 23 सप्टेंबरला राजीनामा दिला. अमेरिकेत दोघे तुरुंगात गेले, एकाला 40 महिने आणि दुसऱ्याला 7 वर्षं. जर्मनीत एका मोठ्या खटल्याचा निकाल लागायला मे 2025 उजाडलं. चार जण दोषी, त्यातल्या दोघांना कैद.

आता भारत. डिसेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून 3,23,700 गाड्या परत मागवायचं जाहीर झालं. त्याआधी पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मोजणी केली होती. रस्त्यावर त्या भारतीय मर्यादेच्या 1.1 ते 2.6 पट वायू सोडत होत्या. 40 पटीसमोर हे किरकोळ वाटेल. पण आपली मर्यादाच ढिली होती. बीएस-4 या तेव्हाच्या धूरनियमात डिझेल कारला किलोमीटरमागे 0.25 ग्रॅम चालायचे, अमेरिकेत मैलामागे 0.07. भारतातले नियम आपण मोडलेच नाहीत, असं कंपनी शेवटपर्यंत म्हणत राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

अमेरिकेतल्या मालकांना गाडी परत विकायची मुभा मिळाली, वर 5,100 ते 10,000 डॉलर भरपाई. आपल्याकडच्या मालकाला मिळाला सॉफ्टवेअरचा अपडेट. कंपनी तीच, पण तिकडे कायद्याला दात होते आणि इकडे वाहन उद्योगाच्या संघटनेने गाड्या परत मागवण्यासाठी 2012 मध्ये स्वखुशीने आखलेली आचारसंहिता. पर्यावरणाला घातक दोष असला तरी गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार आपल्या सरकारला मिळाला तो 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने.

गिऱ्हाइकांनी काय केलं म्हणाल, तर 2016 मध्ये, म्हणजे बोभाट्याच्या दुसऱ्याच वर्षी, फोक्सवॅगन गट 1 कोटी 3 लाख गाड्या विकून टोयोटाच्याही पुढे गेला. त्यामुळे ‘विश्वास उडाला’ हे मथळ्यांत जितकं खरं होतं तितकं शोरूममध्ये नव्हतं. लोक निर्लज्ज असतात असं मला म्हणायचं नाही. काटा मारल्याने ज्याचं नुकसान होतं तो इथे गिऱ्हाईक नव्हताच. त्याला पिकअप आणि मायलेज दोन्ही मिळत होतं. वजन कमी पडत होतं ते रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाच्या श्वासाचं, आणि तो काही गाडीची ऑर्डर रद्द करू शकत नाही.

दुसरी कंपनी घेऊ म्हणावं तर तिकडेही आनंदच. मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलरने 2020 मध्ये अमेरिकेत तडजोड केली. टोयोटाच्या गटातल्या, ट्रक बनवणाऱ्या हिनोने 2022 मध्ये मान्य केलं की इंजिनांचे आकडे अनेक वर्षं फिरवले जात होते. कमिन्सने, 1998 च्या त्याच यादीतल्या कमिन्सने, डिसेंबर 2023 मध्ये 1.675 अब्ज डॉलर दंड कबूल केला. नावं बघून विश्वास ठेवायचा तर पायीच चालावं लागेल.

बदलला तो काटा. युरोपने आणि पाठोपाठ आपणही रस्त्यावरची मोजणी कायद्यात आणली. बीएस-6 एप्रिल 2020 ला आलं, डिझेल कारची मर्यादा 0.08 ग्रॅमवर उतरली, आणि 1 एप्रिल 2023 पासून रस्त्यावर मोजलेला धूरही मर्यादेत असणं बंधनकारक झालं. त्या तारखेच्या तोंडावर काही कंपन्यांनी आपली डिझेल मॉडेलं गुपचूप गुंडाळली. फोक्सवॅगनने तर 2020 मध्येच भारतात डिझेल सोडलं होतं. त्यामुळे आज नवी गाडी घेणाऱ्याला मी कंपनीच्या स्वभावाची फार चिंता करायला सांगणार नाही. चिंता आहे ती 2023 च्या आधीच्या डिझेलची, कुठल्याही नावाची, आणि त्या गाड्या मुंबई-पुण्यात वापरून झाल्यावर आपल्याकडे येतात.

मावसभावाला एवढंच सांगितलं, की चॅसिस नंबर घे, अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखव, ते अपडेट झालंय का विचार. झालं नसेल तर करून घेऊन मग एकदा चालवून बघ, कारण अपडेटनंतर पिकअप मंदावल्याची कुरकुर परदेशात काही मालकांनी केली होती. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. विकणाऱ्याकडे त्याने अपडेटचा कागद मागितला, तर त्याने पीयूसीची पावती पुढे केली. तारीख आदल्या दिवशीची होती.